आधी मेकॅनिकल, मग रेग्युलेटेड? एका सरळ वाटणाऱ्या क्रमाची उलटतपासणी

माझ्या प्रबंधाच्या एका प्रकरणाच्या पहिल्या मसुद्यात असं एक वाक्य होतं: "सुरुवातीची व्हेप उपकरणं मेकॅनिकल होती, पुढे तंत्रज्ञान सुधारत गेलं आणि त्यांची जागा रेग्युलेटेड उपकरणांनी घेतली." वाचायला छान वाटतं. मार्गदर्शकांनी त्याच्या शेजारी पेन्सिलीने दोनच शब्द लिहिले होते: "नक्की? तारखा?" मी तारखा लावायला बसले आणि ते वाक्य एका संध्याकाळीत मोडून पडलं.

संशोधनाची तयारी करणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांच्या आराखड्यात असं एखादं वाक्य असतं. "आधी अमुक होतं, मग तमुक आलं." विषय शेतीचा असो, छपाईचा असो की मोबाइलचा. म्हणून माझं वाक्य कसं मोडलं आणि त्याच्या जागी काय आलं, ते आज सविस्तर सांगते.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करते. माझा विषय हातात बाळगायच्या विजेच्या उपकरणांमधली सुरक्षा हा आहे. व्हेप हे त्यातलं एक उदाहरण. भारतात २०१९ च्या कायद्याने या उपकरणांचं उत्पादन, आयात, विक्री, साठवणूक, जाहिरात सगळंच बंद आहे. त्यामुळे माझं काम पेटंट, सरकारी अहवाल, मानकं आणि वैद्यकीय नियतकालिकं यांच्यावर चालतं. हा लेख वापराचा सल्ला नाही.

आधी दोन्ही शब्द समजून घेऊ

कुठल्याही व्हेपमध्ये मूळ गोष्टी त्याच असतात. एक बॅटरी, तारेचं एक वेटोळं म्हणजे कॉइल, कॉइलमध्ये कापसासारखं काहीतरी, आणि त्यात मुरलेला द्राव. तार तापते, द्रावाचे बारीक कण हवेत मिसळतात आणि माणूस ते ओढतो.

मेकॅनिकल मॉड म्हणजे तांब्याची, पितळेची किंवा स्टीलची पोकळ नळी. आत बॅटरी, वर कॉइल, आणि दाबायला एक बटण. बटण दाबलं की धातूला धातू टेकतो आणि परिपथ पूर्ण होतो. जुन्या टॉर्चमध्ये जे होतं तेच. मधे चिप नाही, फ्यूज नाही. नळी स्वतःच परिपथाचा भाग. बॅटरी देईल तेवढी वीज सरळ कॉइलमध्ये जाते.

रेग्युलेटेड मॉडमध्ये बॅटरी आणि कॉइल यांच्या मधे एक सर्किट बोर्ड असतो. तो कॉइलचा रोध मोजतो, ठरवलेल्या वॅटइतकीच शक्ती पुढे सोडतो, शॉर्ट सर्किट दिसलं तर चालूच होत नाही, बॅटरी फार उतरली की बंद पडतो, आणि बटण दाबून धरलं तरी काही सेकंदांनी वीज तोडतो.

ही तुलना वाचली की मनात शिडी तयार होतेच. साधी नळी खालची पायरी, चिप वरची. माझंही तसंच झालं होतं.

तारखा लावल्यावर

आता क्रम बघा.

जोसेफ रॉबिन्सन यांना १९३० मध्ये अमेरिकेत विजेवर चालणाऱ्या वाफ-उपकरणाचं पेटंट मिळालं. त्यांच्या डोळ्यांसमोर औषधी वाफ होती. पेनसिल्व्हेनियाच्या हर्बर्ट गिल्बर्ट यांनी १९६३ मध्ये बिनधुराच्या, बिनतंबाखूच्या सिगारेटच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि १९६५ मध्ये ते मिळालं. त्यांची कल्पना बॅटरी आणि तापणारा भाग इतकी साधी होती. पण ती वस्तू बाजारात आलीच नाही.

आज जिला ई-सिगारेट म्हणतात तिचा बाजार चीनमधून सुरू झाला. शेन्यांगचे औषधनिर्माते होन लिक यांनी २००३ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला आणि पुढच्या वर्षी चीनमध्ये विक्री सुरू झाली. त्या रचनेत बटण नव्हतं. माणसाने हवा ओढली की सेन्सरला कळायचं आणि इलेक्ट्रॉनिक सर्किट वीज सोडायचं. म्हणजे बाजारात आलेल्या पहिल्याच पिढीत इलेक्ट्रॉनिक नियंत्रण होतं. साधं होतं, पण होतं.

२००६-०७ च्या सुमारास ही उपकरणं युरोप-अमेरिकेत पोचली. दिसायला सिगारेटसारखी, म्हणून आतली बॅटरीही सिगारेटच्या जाडीची. ती लवकर उतरायची, वाफ कमी यायची. वापरणाऱ्यांची तक्रार तीच. काहींनी मग स्वतःच हात घातला. २००८ मध्ये ब्रिटनमधल्या टेड आणि मॅट रॉजर्स या दोघांनी 'स्क्रूड्रायव्हर' नावाचं उपकरण आणलं. जास्त टिकणारी, बदलता येणारी बॅटरी हा त्याचा मुद्दा. 'मॉड' हा शब्दच मुळी 'मॉडिफिकेशन'चा, म्हणजे फेरफाराचा तुकडा आहे. कोणी टॉर्चच्या नळ्या वापरल्या, कोणी लेथवर नळ्या कातून घेतल्या. आणि या फेरफारात कारखान्याने बसवलेलं सर्किट बऱ्याचदा काढून टाकलं गेलं, कारण जास्त वीज द्यायला तेच आडवं येत होतं.

इथे माझं वाक्य मोडलं. बाजाराच्या इतिहासात मेकॅनिकल नळी ही पहिली पायरी नाहीच. ती इलेक्ट्रॉनिक उपकरणानंतर आली, आणि आली ती इलेक्ट्रॉनिक्स काढून टाकून.

"पण गिल्बर्टचं डिझाइन बिनचिपचंच होतं ना, मग मेकॅनिकल आधीच की," असं कोणी म्हणेल. मीही हा युक्तिवाद करून पाहिला. दोन वस्तू सारख्या दिसतात, एवढ्यावरून त्यांचं नातं सिद्ध होत नाही. १९६५ चा कागद आणि २००८ ची नळी यांच्यामध्ये वापराची, विक्रीची, शिकण्याची साखळी दाखवता आली तरच पहिल्याला दुसऱ्याचा पूर्वज म्हणायचं. कधीही न विकल्या गेलेल्या वस्तूची अशी साखळी मला दाखवता येत नाही. साम्य आणि वंशावळ यांत हा फरक आहे, आणि पेटंटवर काम करणाऱ्यांनी तो सतत लक्षात ठेवावा.

सुरक्षा कुठे राहत होती?

चिप काढली म्हणजे सुरक्षा गेली, असं आपण पटकन म्हणतो. तेही पूर्ण खरं नाही. सुरक्षेची जागा बदलली. ती वापरणाऱ्याच्या डोक्यात आणि हातात गेली.

शाळेतला ओहमचा नियम आठवा: विद्युतधारा म्हणजे व्होल्टेज भागिले रोध. मेकॅनिकल मॉडमध्ये साधारणपणे १८६५० नावाची लिथियम-आयन बॅटरी असते. १८ मिलिमीटर व्यास, ६५ मिलिमीटर लांबी, शेवटचं शून्य गोल आकाराचं. पूर्ण चार्ज झाल्यावर तिचं व्होल्टेज ४.२. आता कॉइलचा रोध कमी करत जाऊ.

१.५ ओहम असेल तर २.८ अँपिअर, साधारण १२ वॅट.
०.५ ओहम असेल तर ८.४ अँपिअर, ३५ वॅट.
०.२ ओहम असेल तर २१ अँपिअर, ८८ वॅट.
०.१ ओहम असेल तर ४२ अँपिअर, १७६ वॅट.

या आकाराच्या चांगल्या बॅटऱ्यांची सलग देता येण्याजोगी विद्युतधारा २० ते ३० अँपिअरच्या घरात असते. म्हणजे ०.२ ओहम ही काठावरची जागा आणि ०.१ ही काठापलीकडची. दोन्हींतला फरक तारेच्या एक-दोन वेढ्यांचा. कॉइल बरेच जण स्वतःच वळायचे, त्यामुळे हे वेढे मोजण्याची जबाबदारीही त्यांचीच.

यात आणखी बारकावे होते. बॅटरीच्या प्लास्टिकच्या आवरणाला चीर गेली की नळीला टेकून शॉर्ट. काही नळ्यांमध्ये कॉइलच्या भागाची मधली पिन थेट बॅटरीवर टेकायची. ती पिन पुरेशी बाहेर आलेली नसेल तर बॅटरीचं टोक भोवतालच्या धातूला टेकणार आणि पुन्हा शॉर्ट. बिघडलेल्या बॅटरीतला वायू निघून जावा म्हणून नळीला भोकं ठेवायची. ती पुरेशी नसतील तर बंद नळीत दाब वाढणार. हे सगळं माहीत असणं हीच त्या वस्तूची सुरक्षा-यंत्रणा. रोध मोजायचं छोटं यंत्र, बॅटरीच्या क्षमतेचे तक्ते, आकडेमोड आणि अनुभवी माणसाने नवख्याला सांगणं, असं सगळं मिळून ती चालायची.

आपल्याकडचं उदाहरण देते. जुन्या घरांत चिनी मातीचे फ्यूज असायचे. फ्यूज उडाला की घरातलं कोणीतरी स्टुलावर चढून नवी तार बांधायचं. किती जाडीची तार बांधायची, हे त्या माणसाच्या समजुतीवर. सारखा उडतो म्हणून जाड तार बांधली की दिवे छान लागायचे, पण संरक्षण संपलेलं असायचं आणि ते कोणाला दिसायचं नाही. पुढे एमसीबी आले आणि तो निर्णय घरच्या माणसाच्या हातातून निघून पेटीत गेला. ब्रुनो लातूर यांनी यासाठी एक शब्द वापरला आहे. मराठीत त्याला 'सोपवणं' म्हणू. माणसाने लक्षात ठेवायची गोष्ट वस्तूवर सोपवली जाते. मेकॅनिकलकडून रेग्युलेटेडकडे जाणं हे असं सोपवणं आहे. आणि २००८ च्या आसपास जे झालं ते उलट दिशेने झालेलं सोपवणं, वस्तूकडून माणसाकडे.

चिप परत आली

२०११ मध्ये अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या इव्हॉल्व्ह कंपनीने 'डार्विन' हे उपकरण आणलं. त्यात माणूस वॅट ठरवायचा आणि बोर्ड त्याप्रमाणे व्होल्टेज कमी-जास्त करायचा. २०१४ मध्ये त्याच कंपनीच्या डीएनए ४० या बोर्डने तापमानावरही नियंत्रण आणलं. निकेलची तार तापली की तिचा रोध वाढतो. बोर्ड तो वाढलेला रोध मोजून तापमानाचा अंदाज घेतो आणि वीज आवरतो. सुट्या बोर्डाभोवती कोणालाही पेटी बनवता येऊ लागली आणि चिपवाली उपकरणं पसरली.

आता मुद्द्याची गोष्ट. चिप आली म्हणून मेकॅनिकल गेलं नाही. उलट २०१३ ते २०१६ हा मोठे ढग काढण्याच्या स्पर्धांचा काळ, आणि त्यात मेकॅनिकल नळ्यांना मान होता. डार्विन येऊन गेल्यावर मेकॅनिकलचा हा बहर आला. कारणं समजण्यासारखी आहेत. सुरुवातीच्या बोर्डांची शक्ती मर्यादित होती. नळीला अशी मर्यादा नव्हती. नळीत बिघडण्यासारखं फार काही नव्हतं, दुरुस्ती म्हणजे घासून पुसून धातू चकाचक करणं. शिवाय कारागिरीचा अभिमान. फिलिपिन्समधल्या नळ्या त्या काळात दूरवर पोचल्या. आणि सगळं सरळ दोन डब्यांत बसतही नव्हतं: बटणातून मोठी विद्युतधारा जाऊ नये म्हणून एक मॉस्फेट बसवलेल्या, पण बाकी काहीच नियंत्रण नसलेल्या पेट्याही होत्या. त्यांना काय म्हणणार?

डेव्हिड एजर्टन यांचं 'द शॉक ऑफ द ओल्ड' हे २००६ चं पुस्तक इथे उपयोगी पडतं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की शोध कधी लागला यापेक्षा वस्तू कधी, कोण, किती वापरत होतं यावर इतिहास उभा करा. तसा तो उभा केला की 'जुनी' वस्तू 'नव्या'नंतर वाढताना दिसते. एरिक फॉन हिपेल यांचं वापरणाऱ्यांनी केलेल्या शोधांवरचं कामही इथे लागू पडतं: गरज सर्वांत आधी आणि सर्वांत तीव्रपणे ज्यांना जाणवते ते कारखान्याची वाट बघत नाहीत. मात्र फॉन हिपेल वाचताना उत्साहाच्या भरात एक गोष्ट निसटू शकते. वापरणाऱ्याने शोध लावला की धोकाही त्याच्याच घरी राहतो.

बदलताना काय विसरावं लागलं

मेकॅनिकल सोडून रेग्युलेटेड घेतलं म्हणजे सुरक्षित झालो, इतकं हे सोपं नव्हतं. जुनं ज्ञान नव्या वस्तूत चुकीचं ठरत होतं. मला या प्रकरणातला हा सगळ्यात महत्त्वाचा धडा वाटतो.

मेकॅनिकलमध्ये बॅटरीवरचा ताण कॉइलच्या रोधावर ठरतो. रोध जास्त तर ताण कमी. बॅटरी उतरत जाते तसं व्होल्टेज घसरतं आणि ताणही कमी होतो. वाफ पातळ झाली की माणसाला कळतं, बॅटरी बदलायची वेळ झाली.

रेग्युलेटेडमध्ये हे उलटं होतं. बोर्ड ठरवलेली शक्ती कायम ठेवतो. एका बॅटरीवर ७५ वॅट लावले, तर ४.२ व्होल्टला बॅटरीतून जवळपास १८ अँपिअर निघतात. बॅटरी ३.२ व्होल्टपर्यंत उतरली की तेवढ्याच ७५ वॅटसाठी २३ पेक्षा जास्त अँपिअर लागतात, वर बोर्डात वाया जाणारी शक्ती वेगळी. म्हणजे बॅटरी थकत जाते तसा तिच्यावरचा ताण वाढतो, आणि वाफ तशीच राहते म्हणून माणसाला ते कळत नाही. कॉइलचा रोध मोजून "माझा रोध जास्त आहे, मी सुरक्षित आहे," असं म्हणणारा जुना जाणकार इथे चुकतो. त्याने वॅट आणि उतरलेल्या बॅटरीचं व्होल्टेज यांचा हिशेब करायला हवा. बोर्ड हिशेब करतो खरा, पण पेटीत कुठल्या दर्जाची बॅटरी घातली आहे, हे त्याला ठाऊक नसतं.

थोडक्यात, सोपवणं कधीच पूर्ण नसतं. काही काम वस्तूकडे जातं, काही माणसाकडे उरतं, आणि जे उरतं ते बदललेल्या रूपात उरतं. तंत्रज्ञानाच्या कुठल्याही 'बदला'वर लिहिताना हा प्रश्न विचारून पाहा: या बदलात कोणाला काय नव्याने शिकावं लागलं आणि कोणाला काय विसरावं लागलं?

अपघातांचे आकडे कसे वाचायचे

आता तुम्ही म्हणाल, मेकॅनिकलचे किती अपघात आणि रेग्युलेटेडचे किती, ते सांगा म्हणजे झालं. मीही तेच शोधत होते.

अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाचा २०१७ चा अहवाल या विषयात सारखा उद्धृत होतो. २००९ ते २०१६ या काळात त्यांनी १९५ घटना नोंदवल्या. १३३ घटनांत इजा झाली आणि त्यांतल्या ३८ इजा गंभीर होत्या. मृत्यू एकही नाही. घटना कुठे घडल्या, याची विभागणी अशी: खिशात ६१, वापरताना ६०, चार्जिंगवर ४८, ठेवलेल्या अवस्थेत १८, वाहतुकीत ७, आणि एकीची माहिती नाही.

या तक्त्याकडे नीट पाहा. विभागणी जागेनुसार आणि प्रसंगानुसार आहे. मेकॅनिकल की रेग्युलेटेड, हा माझा प्रश्न त्यात नाही, कारण तक्ता करणाऱ्यांचा तो प्रश्न नव्हता. उलट सर्वांत मोठा आकडा खिशातला आहे, आणि त्यात सुट्या बॅटऱ्याही धरलेल्या आहेत. खिशातल्या सुट्या बॅटरीला किल्ली किंवा नाणं टेकलं तर दुनियेतली कुठलीही चिप तिला वाचवू शकत नाही, कारण चिप तिथे नसतेच. अमेरिकेच्या ग्राहक-सुरक्षा आयोगाने २०२१ मध्ये सुट्या १८६५० बॅटऱ्या विकत घेऊ नका, वापरू नका असा इशारा दिला, त्यामागे हेच कारण होतं.

दुसरी गोष्ट. हा १९५ चा आकडा प्रामुख्याने बातम्यांतून गोळा केलेला आहे. मॅथ्यू रॉसहाइम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'टोबॅको कंट्रोल' या नियतकालिकात वेगळ्या वाटेने अंदाज काढला. रुग्णालयांच्या आपत्कालीन विभागांच्या नमुना-नोंदींवरून त्यांनी २०१५ ते २०१७ या तीन वर्षांत स्फोट आणि भाजण्याच्या २,०३५ इजा झाल्या असाव्यात असं मांडलं. आठ वर्षांत १९५ आणि तीन वर्षांत २,०३५! दोन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर आहेत. पहिला 'बातमीत आलेल्या घटना' मोजतो, दुसरा 'दवाखान्यात पोचलेल्या माणसांचा अंदाज' देतो. प्रबंधात यातला एकच आकडा टाकून पुढे गेलात तर तोंडी परीक्षेत कोणीतरी दुसरा समोर ठेवणार, हे धरून चाला.

मे २०१८ मध्ये फ्लोरिडातल्या सेंट पीटर्सबर्ग इथे एका माणसाचा मृत्यू झाला. उपकरणाचा तुकडा डोक्यात शिरला होता. अमेरिकेतला असा पहिला नोंदलेला मृत्यू म्हणून त्याच्या बातम्या जगभर गेल्या. उपकरण मेकॅनिकल प्रकारचं होतं. या घटनेवर लिहिताना मी बराच वेळ थांबले. तिला 'मेकॅनिकल वाईट' याचा पुरावा म्हणून वापरणं सोपं आहे. पण एका मृत्यूवरून प्रमाण काढता येत नाही. त्यावरून एक प्रश्न मात्र नक्की विचारता येतो. नळी एकाची, बॅटरी दुसऱ्याची, कॉइलचा भाग तिसऱ्याचा, आणि जुळणी स्वतः वापरणाऱ्याची. मग जबाबदार कोण? चिप नसलेल्या वस्तूत सगळं ज्ञान वापरणाऱ्याकडे असतं, म्हणून दोषही त्याच्याच माथी जातो. वस्तूत सुरक्षा बसवली की दोष शोधायला एक पत्ता मिळतो. सुरक्षेचा इतिहास हा दोषाचाही इतिहास असतो, आणि त्यात एका बाजूला खरीखुरी माणसं असतात. त्यांना आपल्या युक्तिवादाचं साहित्य बनवताना जरा हात आखडता घ्यावा.

'रेग्युलेटेड' शब्दाचे दोन अर्थ

शेवटचा सापळा शब्दाचा. 'रेग्युलेटेड' म्हणजे चिपने नियंत्रित. पण कायद्याच्या कागदांत तोच शब्द 'सरकारने नियमन केलेलं' या अर्थाने येतो. इंग्रजी साधनं शोधताना दोन्ही एकाच जाळ्यात येतात. माझ्या टिपणवहीत सुरुवातीचे कित्येक उतारे चुकीच्या कप्प्यात पडले होते.

सरकारी नियमनाच्या तारखा वेगळ्या आहेत. युरोपीय संघाचा २०१४ चा तंबाखू निर्देश मे २०१६ पासून लागू झाला. त्यात निकोटीनची मर्यादा मिलिलिटरला २० मिलिग्रॅम, टाकी २ मिलिलिटरची, बाटली १० मिलिलिटरची. अमेरिकेत अन्न आणि औषध प्रशासनाने ८ ऑगस्ट २०१६ पासून ई-सिगारेटला तंबाखू उत्पादनांच्या नियमांत आणलं. विद्युत सुरक्षेचं यूएल ८१३९ हे मानक आलं २०१८ मध्ये. म्हणजे चिपचं नियमन २०११ पासून पसरत होतं, सरकारचं नंतर आलं.

दोन्हींची सांगड नेहमी बसत होती असंही नाही. अमेरिकन नियमानुसार बाजारातल्या उत्पादनात बदल केला की ते 'नवं' उत्पादन ठरतं आणि त्याला नव्याने परवानगी लागते. मग बॅटरी जास्त सुरक्षित करणारा बदलही त्याच कक्षेत येणार! शेवटी २०१९ मध्ये यूएल ८१३९ शी जुळवून घेण्यासारख्या मर्यादित बदलांना सवलत देणारं धोरण काढावं लागलं.

भारताने तिसराच रस्ता घेतला. १८ सप्टेंबर २०१९ ला अध्यादेश आणि डिसेंबरमध्ये कायदा. कायद्यातली व्याख्या नाव, आकार, रूप काहीही असो, सगळ्यांना कवेत घेणारी आहे. आमच्या दृष्टीने कळीचा असलेला मेकॅनिकल-रेग्युलेटेड हा भेद तिथे उरतच नाही.

आणि २०१९ चीच अमेरिकेतली फुप्फुसाच्या आजाराची साथ. फेब्रुवारी २०२० पर्यंत रुग्णालयात दाखल झालेल्या किंवा दगावलेल्या २,८०७ रुग्णांची नोंद झाली, त्यांत ६८ मृत्यू. तपासात गांजातल्या टीएचसीच्या द्रावात मिसळलेल्या व्हिटॅमिन ई अ‍ॅसिटेटशी त्याचा दाट संबंध आढळला. या धोक्याचा चिपशी काही संबंध नाही. बोर्ड विद्युतधारा मोजतो. द्रावात काय आहे ते त्याला कळत नाही. 'रेग्युलेटेड म्हणजे सुरक्षित' या समजुतीत किती गोष्टी एकमेकींत मिसळल्या आहेत, ते इथे दिसतं. बॅटरी फुटण्याचा धोका, निकोटीनचं व्यसन, द्रावातली रसायनं: तीन धोके, तीन वेगळे इतिहास.

तर आता वाक्य काय झालं?

माझ्या प्रकरणात आता असं लिहिलं आहे: "बाजारात आलेल्या पहिल्या ई-सिगारेटमध्ये साधं इलेक्ट्रॉनिक नियंत्रण होतं. जास्त शक्ती हवी असलेल्या वापरकर्त्यांनी २००८ च्या सुमारास ते काढून टाकलं आणि सुरक्षेची जबाबदारी स्वतःच्या ज्ञानावर घेतली. २०११ नंतर चिपने त्या जबाबदारीचा काही भाग परत घेतला. मेकॅनिकल उपकरणं मात्र त्यानंतरही वाढली." पहिल्या वाक्यापेक्षा लांब आहे, गोडही नाही. पण यातल्या प्रत्येक तुकड्यापुढे "नक्की? तारखा?" असं कोणी लिहिलं तर माझ्याकडे उत्तर आहे.

तुमच्या आराखड्यातही 'सुरुवातीला... नंतर...' असं एखादं वाक्य असेल. आज ते शोधा, एका कोऱ्या कागदावर लिहा आणि खाली तीन गोष्टी भरा. दोन्ही वस्तूंच्या शोधाच्या नव्हे तर वापराच्या तारखा. बदलात कोणाचं काम कोणाकडे गेलं. आणि तुमच्या मुख्य शब्दाला साधनांमध्ये किती अर्थ आहेत. कागद भरून वाक्य टिकलं तर उत्तम. नाही टिकलं, तर प्रकरण लिहून झाल्यावर कळण्यापेक्षा आताच कळलेलं बरं. मला ते चाळीस पानं लिहून झाल्यावर कळलं होतं.